शाळेतून आलेल्या चित्रांचं करायचं काय? आमच्यात एक बंबात गेलं

वडगावची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न ऐकायला फुटकळ आहे, पण त्यावरून आमच्यात आठ दिवस अबोला चाललाय, म्हणून विचारते.

थोरली दुसरीला, धाकटा यूकेजीला. दोघांच्या दप्तरातून रोज कागद बाहेर पडतो. कधी चित्र, कधी ठसे, कधी कापूस चिकटवलेला ससा. गेल्या जूनपासूनचे कागद मी एकदा मोजायला बसले. थोरलीचे १४३ झाले. धाकट्याचे नव्वदपर्यंत मोजले आणि सोडून दिलं, कारण त्याच्या निम्म्या कागदांवर एकच रेघ असते आणि खाली बाईंचा स्टार.

घर बेळगावच्या वडगावातलं, जुनं. पुढं सोपा, तिथं एक माग अजून चालतो, मग माजघर, मागं न्हाणी. वर मंगलोरी कौलं. पावसाळ्यात कुठली वस्तू कुठं ठेवायची हे आमच्यात गळतीवर ठरतं. कागदांची पिशवी म्हणून जिन्याखाली ठेवली होती, तेवढाच कोरडा कोपरा. शेजारीच रद्दी आणि नारळाची सोडणं.

गेल्या मंगळवारी पाऊस लागलेला, लाकडं ओली. सासूबाईंनी बंब पेटवायला हाताला लागले ते कागद घेतले. थोरली तोंडात ब्रश घेऊन न्हाणीच्या दारात उभी. तिनंच पाहिलं. वरचा कागद तिचा जांभळा हत्ती होता, गेल्याच महिन्यातला. खाली तीन भाषांत नाव लिहिलेलं: मराठीत हत्ती, इंग्रजीत एलिफंट, कन्नडमध्ये आने. कन्नडमधलं अक्षर चुकलं होतं ते बाईंनी लाल पेनानं नीट करून दिलेलं. मी चिमट्यानं ओढून काढला तेव्हा शेपूट, मागचे दोन पाय आणि तो कन्नड शब्द एवढंच उरलं होतं. सोंडेकडची बाजू गेली.

रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. उरलेला तुकडा कंपासपेटीत घातला आणि तेव्हापासून रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपते. शाळेत काय काढलंस विचारलं तर म्हणते, "काही नाही काढलं."

सासूबाईंचं म्हणणं, "इतके दिवस जिन्याखाली पडलं होतं तेव्हा कुणाला दिसलं नाही. मी हात लावल्यावर त्याचा हत्ती झाला." आता यावर मी काय बोलणार? कारण खरं सांगायचं तर चोर मीच आहे. दर पंधरा दिवसांनी पोरं शाळेत गेल्यावर मी त्यातले वीस-पंचवीस कागद काढून कचरागाडीत घालते, वर भाजीची देठं टाकून, म्हणजे दिसू नयेत. सासूबाईंनी उघड केलं, मी लपून करते, एवढाच फरक.

टाकवत नाही याचंही कारण सांगते. थप्पी खालून वर चाळली तर बेळगावचं अख्खं वर्ष निघतं. जूनची छत्री, आषाढीचा विठ्ठल, नागपंचमीचा नाग, पंधरा ऑगस्टचा झेंडा, गणपती. १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा. त्या दिवशी बेळगावात कुणाच्या घरात काय बोलणं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे; पोरीचा प्रश्न एवढाच होता की पिवळा वर की लाल वर. (पिवळा वर.) मग नाताळचं झाड, संक्रांतीचा पतंग. वैशाखातल्या आपल्या शिवजयंतीचे चित्ररथ बघून आल्यावर सुट्टीत काढलेले मावळे वेगळेच, ते शाळेच्या हिशोबात नाहीत.

आणि नुसते कागद असते तरी भागलं असतं. मूगडाळ-तांदूळ चिकटवलेला मोर होता, त्यातल्या तांदळाला टोके लागले. अख्ख्या मुगाचं गावाचं दृश्य होतं, त्यावर कौलातून पाणी ठिबकलं आणि चौथ्या दिवशी डोंगराला मोड आले. थट्टा नाही, खरंच आले. आणि माळ्यावर थर्मोकोलचा राजहंसगड किल्ला आहे. तो पोरीनं केलेला नाही. आमचे हे उद्यमबागला फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे साचे करतात तिथं, आहेत. त्यांनी दोन रात्री बसून बुरूज, तटबंदी, सगळं मापात कापलं. पोरीनं झेंडा लावला. बक्षीस मिळालं.

तर विचारायचं ते असं. ठेवायचं काय, टाकायचं काय? टाकताना पोरांना सांगता की माझ्यासारखं देठांखाली? आणि आपल्याकडच्या पावसात कागद टिकवायचा कसा? चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला लागतो.

---

तिसरं गेट

मी टिळकवाडीत राहते, टू बीएचके, माळा नाही, प्रश्नच मिटला. दर रविवारी सकाळी बाल्कनीच्या दाराशी कागद जमिनीवर ठेवायचा, फ्लॅश बंद, सरळ वरून फोटो. ऊन थेट पडू द्यायचं नाही, सावलीतला उजेड चांगला. प्रत्येक पोराचा वेगळा फोल्डर. कुणाला पाठवायचा तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर फोटो दाबला जाऊन खडूच्या रेघा पुसट होतात. फोटो झाला की कागद रद्दीत. वर्षाला दहा ठेवते.

एवढं छान चाललंय खरं, पण तुमचं वाचून आत्ता फोल्डर उघडून पाहिला. चारशेच्या वर फोटो आहेत. काढल्यापासून आज पहिल्यांदा उघडला. लेकाला दाखवला तर म्हणाला, "हे माझं आहे?" त्यामुळं माझा सल्ला कितपत घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

मुगाच्या डोंगराचा फोटो आहे काय हो? असला तर टाका इथं.

---

निपाणीकर

वैनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. टाकून द्या की. आमच्या पिढीत कुणी ठेवलं होतं? पाटीवर काढलं, थुंकी लावून पुसलं, परत काढलं. काय बिघडलं आमचं?

आता हे लिहिलं आणि मलाच आठवलं की आमच्या आईनं एक ठेवलंय. मी तिसरीत असताना आमच्या वखारीचं चित्र काढलं होतं. तंबाखूच्या बोदांची थप्पी आणि वर बसलेला आमचा हमाल, विडी ओढत. मास्तरांनी विडीसाठी छडी मारली होती. आईनं ते लुगड्याच्या घडीत पत्र्याच्या पेटीत घातलं, कसर लागू नये म्हणून वर तंबाखूचं पान. गेल्या वर्षी घर रंगवायला काढलं तेव्हा पेटी उघडली. चाळीस वर्षांत एक किडा नाही. कागद पिवळा पडलाय, घडीवर तुटलाय, पण हमालाची विडी शाबूत. वास मात्र असा की चित्र हातात धरलं की शिंका येतात.

त्यामुळं माझं मत अर्धं बदललं. एक ठेवा. एकशे त्रेचाळीस नको.

---

वडगावची सून

@तिसरं गेट, फोटो आहे, पण त्यात डोंगरामागं आमच्या यांचे पाय दिसतात. कापून टाकते.

@निपाणीकर, भावजी, तंबाखूचं पान पोरांच्या पेटीत नको हो, धाकटा अजून सगळं तोंडात घालतो. पण हमालाचं चित्र आवडलं. एक ठेवा म्हणता, तर ते एक कुठलं हे आईला कसं कळलं असेल?

---

खडू-फळा

ताई, मी ३१ वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो, आता रिटायर्ड. कर्नाटकच्या लोअर-हायर चित्रकलेच्या परीक्षांना पोरं बसवली, शिनोळीच्या पलीकडची, म्हणजे महाराष्ट्रातली काही तिकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटलाही बसायची. लांब लिहितो, चालवून घ्या.

आधी ठेवायचं काय ते. तुमची थप्पी दोन भागांत पाडा. एका भागात छापील चित्रात रंग भरलेले, बाईंनी आउटलाइन काढून दिलेले, सगळ्या वर्गाचे एकसारखे. चाळीस पोरं, चाळीस ससे, सगळ्यांचा कापूस एकाच जागी. ते डोळे झाकून जाऊ द्या, पोरालाही त्याचं काही नसतं. दुसऱ्या भागात पोरानं आपल्या मनानं काढलेलं. हा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार लहान निघेल.

आता त्या लहान थप्पीत बघा. यूकेजीतल्या पोराचा माणूस म्हणजे एक मोठं डोकं आणि डोक्यातूनच निघालेले पाय. पोट नाही. हात असलेच तर कानाच्या जागी. मग एक दिवस पोट येतं. ज्या कागदावर पहिल्यांदा पोट आलं तो ठेवा. पुढं सहा-सात वर्षांचं झालं की कागदाच्या तळाशी एक रेघ येते, सगळी झाडं-माणसं त्या रेघेवर उभी. वर आभाळाची निळी पट्टी आणि मधली जागा कोरी. मोठी माणसं म्हणतात आभाळ खालपर्यंत रंगव. मी कधी म्हटलं नाही. पोराला विचारलं तर सांगतं, आभाळ वर असतं, जमीन खाली असते, मधे आपण असतो. याच वयात घर काढलं की भिंतीतून आतलं दिसतं: चूल, खाट, पाळण्यातलं बाळ. आणि जे महत्त्वाचं ते मोठं. एका पोरानं बैलापुढं बाप काढला होता बैलाच्या गुडघ्याएवढा. बाप शाळेत येऊन भांडला. नऊ-दहा वर्षांचं झालं की हे सगळं हळूहळू जातं, पोरं खऱ्यासारखं काढायला बघतात, जमत नाही म्हणून निम्मी चित्र काढणंच सोडतात. म्हणून तुमच्या थोरलीची ही दोन-तीन वर्षं जपा. धाकट्याची रेघसुद्धा बघा, पहिल्यांदा तिचं टोक तिच्या सुरुवातीला येऊन मिळून गोल झाला असेल तो कागद ठेवा.

पोराला "हे काय काढलंस?" म्हणून विचारू नका. त्याला वाटतं, ओळखू येत नाही म्हणजे चुकलं. "सांग की याचं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागं पेन्सिलीनं लिहायचं, खाली तारीख. पेननं नको, शाई दमटपणात पुढच्या बाजूला उमटते. माझ्याकडं माझ्या लेकीचं एक चित्र आहे, नुसती काळी गिचमीड. मागं लिहिलंय म्हणून कळतं की तो लाईट गेल्यावरचा आमचा सोपा आहे आणि डाव्या कोपऱ्यात मी घोरतोय.

आता टिकवायचं. शाळेतला साधा झेरॉक्स कागद ७०-७५ जीएसएमचा, म्हणजे पातळ, तो ओल धरतो आणि लाटेसारखा वाकतो. वर्तमानपत्राच्या जातीचा खरखरीत कागद असेल तर त्यात नुसत्या दळलेल्या लाकडाचा लगदा असतो, तो उजेडानं पिवळा पडणारच, त्याचा फोटोच काढा. स्केचपेनचा रंग उजेडात उडतो, भिंतीवर लावलात तर वर्षात निम्मा राहील. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, एकावर एक ठेवलं की वरच्या कागदाच्या पाठीला हत्ती चिकटतो, म्हणून मधे बटर पेपर. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत टेप गळून पडते आणि खालचा तपकिरी डाग राहतो. स्टेपलरच्या पिना तर पहिल्या काढा. आपल्या पावसात दोन महिन्यांत गंजतात आणि कागदावर भोकासकट डाग. लॅमिनेशनची हौस सगळ्यांना. मेणखडूचं चित्र त्या मशिनीत घालू नका, ती शंभर डिग्रीच्या वर तापते, मेण वितळून पसरतं. आणि एकदा सील झालं की कागद परत मोकळा होत नाही, आत ओल राहिली असेल तर बुरशी आतच वाढते.

फाइल, रोल काही नको. आडवं, सपाट ठेवा. पोस्टर कलर रोल केला की पोपडे निघतात. तुम्ही विणकरांच्या वडगावच्या, तुमच्याकडं साडीचे खोके असतीलच. त्यापेक्षा चांगली पेटी विकत मिळणार नाही. एका पोराला वर्षाला एक खोका. खोका भरला की नवीन यायला जुनं एक गेलं पाहिजे, आणि काय जायचं ते पोरानं ठरवायचं. खोका भिंतीला टेकवू नका, जमिनीवर नको, कपाटात मधल्या फळीवर. पर्स-बुटांच्या खोक्यातून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या दोन-चार टाका, धाकट्याच्या हाताला लागू देऊ नका. पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमाराला एकदा सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्या. दिवाळीची साफसफाई असतेच.

थर्मोकोलचं मात्र माझ्याजवळ औषध नाही. जाळू नका एवढंच सांगतो, बंबात तर अजिबात नको, धूर विषारी असतो. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे, तरी शाळा प्रोजेक्टला मागतात आणि गणपत गल्लीत मिळतोही. मी शाळेत असताना मातीचा किल्ला सांगायचो. पोरांचे हात चिखलात, आया माझ्यावर चिडलेल्या. पण बाप रात्री बसून मातीचा किल्ला करत नव्हते. (तुमच्या यांना राग येऊ नये. मापात कापलेला बुरूज बघायला मला आवडेल.)

आपल्या गावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी शाळेतच चित्रकला शिकवायचे आणि त्यांच्या हाताखाली नावाजलेले चित्रकार रवी परांजपे तयार झाले. हे सांगायचं कारण, लोक मला विचारायचे, पोरगं पुढं चित्रकार होईल काय, मग ठेवतो. असा हिशोब करू नका. माझ्या हातून हजारो पोरं गेली, चित्रकलेवर पोट भरणारी चार. बाकीच्यांच्या डोक्यातल्या पायांच्या माणसाला काय कमी किंमत?

शेवटचं. हत्ती जांभळा का ते तिला विचारू नका, म्हणजे चुकला म्हणून विचारू नका. डब्यात शेवटी उरतो तो खडू जांभळा. पोरं खूप वेळा आवडीनं नाही, उरलेल्यातून रंग घेतात.

---

ग्लिटर विरोधी संघ

मास्तरांनी सगळं सांगितलं, ग्लिटरचं राहिलं. माझ्या नवऱ्याच्या भुवईला गेल्या नाताळचं ग्लिटर अजून आहे. बँकेत काउंटरला बसतात ते.

---

नंदगडची आज्जी

(नातवाकडून लिहून घेतलंय.)

बाळ, तुझं वाचलं. मी सासू झालो, आज्जी झालो, म्हणून दोन्हीकडचं बोलतो.

आमच्या खानापूर भागात कुंभाराची माती चांगली. ज्येष्ठातल्या अमावस्येला मातीचे बैल करायचे, पूजा करायची. माझी पोरं लहान असताना सगळी स्वतः करायची. शिंग एक वर एक खाली, पाठीवर बोटाचे ठसे. कच्ची माती, भाजलेली नव्हे. पावसात ती ठेवणार कुठं? तर चार दिवस देवळीत ठेवायचो आणि मग ज्यानं केला त्यानंच तुळशीत नेऊन ठेवायचा. वरून पाऊस लागला की बैल बसतो, मग त्याचं तोंड जातं, मग ढेकूळ होतं. पोरं रोज जाऊन बघायची, आज कान गेला काय, आज शेपूट गेलं काय. कुणी रडलं नाही. न सांगता कुणी उचलून फेकला असता तर रडली असती.

कागदाचं तसंच कर. जायचं ते तिच्या हातानं जाऊ दे. बंबात का होईना, तिनं घालू दे. कागद आहे, जळणारच.

आणि एक विचारतो. सासूवर रागावलीस, पण तो हत्ती तिला दाखवला होता काय कुणी? शाळेतून पोर आली की चित्र आईला दाखवते, आई मान हलवते, जिन्याखाली जातं. म्हातारीला काय ठाऊक त्यात काय आहे. आमच्यात सून चित्र फोनवर पुण्याच्या दिराला पाठवते आणि मी शेजारी बसलेला असतो.

---

वडगावची सून

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. मधे सलग पाऊस, लाईट नाही, धाकट्याला ताप.

आज्जी, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवसांनी संध्याकाळी सासूबाई माजघरात मागाच्या कांड्या भरत बसल्या होत्या तेव्हा मी पिशवी त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. म्हटलं, "आत्या, यातलं काय ठेवायचं बघा की." त्या म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. पण चष्मा लावला. तासभर लागला. थोरली लांब खांबाला टेकून उभी, दप्तर पाठीला, घरात. मास्तरांनी सांगितल्यासारखं सासूबाईंनी काही विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्या आपल्या स्वतःशी बोलत होत्या. "ही म्हैस दिसते... नव्हे, रिक्षा आहे." तेव्हा पोरगी फस्सकन हसली आणि येऊन बसली. "आज्जी, ती म्हैसच आहे, रिक्षात बसलीय."

मग त्या दोघींनीच निवडलं. मी चहा करायला गेले ते बरंच झालं. सासूबाईंनी ट्रंकेतनं त्यांच्या शालूचा खोका काढून दिला. शालू आता पिशवीत आहे. थोरलीनं ठेवलेले किती म्हणाल तर सतरा. मी ठेवले असते असे तीन-चार तिनं सरळ बाजूला टाकले. विठ्ठल टाकला. मी म्हटलं अगं देव आहे, तर म्हणाली, "बाईंनी काढून दिलेला, मी फक्त काळा केला." तो सासूबाईंनी उचलून देव्हाऱ्यामागं ठेवला, त्यावर कुणाचं काही चाललं नाही.

मास्तर, जांभळ्याचं तुम्ही म्हणालात ते मनात राहिलं. विचारायचं नव्हतं, पण तिनंच सांगितलं. हत्तीला काळा लागत होता. काळा खडू आषाढीला विठ्ठल रंगवून संपला. दहा दिवस झाले ती मला नवीन डबा आण म्हणत होती आणि मी आणते आणते म्हणत होते. आता हे ऐकल्यावर हत्ती कुणी जाळला यावर मी तरी बोलणं बंद केलंय. गणपत गल्लीतनं सुटे काळे खडू चार घेऊन आले.

धाकट्याच्या थप्पीत पोट आलेला माणूस सापडला. मागं तारीख नाही, पण कागदाला भडंगाचं तेल लागलंय आणि आमच्यात भडंग झालं होतं गौरी-गणपतीत, म्हणजे सप्टेंबर धरते. गोल मिटलेली रेघ अजून सापडायची आहे.

टाकायच्या कागदांचं असं झालंय की थोरली मागं पेन्सिलीनं "बंब" लिहिते आणि स्वतः सोडणांवर नेऊन ठेवते. सासूबाई पेटवायच्या आधी कागद उलटा करून बघतात. काल एका कागदामागं "बंब" लिहून खोडलेलं होतं, परत लिहिलेलं, परत खोडलेलं. सासूबाईंनी मला हाक मारून विचारलं, हा जायचा काय राहायचा? मी म्हटलं तिला उठू दे. लाकडं ओली, तो कागद हातात, अंघोळीला सगळ्यांना उशीर, यांची कंपनीची बस चुकली.

जळका तुकडा अजून कंपासपेटीतच आहे. खोक्यात घाल म्हटलं तर नको म्हणते.

आता बटर पेपर कुठं सुटा मिळतो तेवढं सांगा कुणीतरी. खडे बाजारात विचारलं तर बेकरीवाल्याकडं जा म्हणाला. आणि राजहंसगडाचं कुणाजवळच उत्तर नाही. माळ्यावर तसाच आहे. यांना विचारलं तर म्हणतात राहू दे, बुरूज चांगले झालेत.